तुमच्या वर्डच्या फाईलमध्ये ज्याच्या नावाची आद्याक्षरं लपली आहेत, तो फिल कॅट्झ कोण होता?

कॉम्प्युटरवरची वर्डची एखादी फाईल घ्या. अलीकडच्या पद्धतीची, म्हणजे डॉकएक्स असलेली. ती वर्डमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडा. वाचता येईल असं काही दिसणार नाही, नुसती चिन्हांची खिचडी दिसेल. पण अगदी सुरुवातीला इंग्रजीतली दोन कॅपिटल अक्षरं मात्र स्पष्ट वाचता येतील. पी आणि के.

आता एक्सेलची फाईल तशीच उघडा. तिथेही पीके. पॉवरपॉइंटची उघडा, पीके. मोबाईल ॲपची एपीके फाईल, ई-पुस्तकाची ईपब फाईल, सगळीकडे तेच. आणि झिप फाईलमध्ये तर असणारच, कारण ही भानगड सुरू झाली तिथूनच.

ही दोन अक्षरं म्हणजे एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. फिल कॅट्झ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला एक प्रोग्रॅमर. डाउनलोड केलेली फाईल झिप आहे की आणखी काही, हे ओळखायला जगभरातले ब्राउझर, सर्व्हर आणि मोबाईल आजही ही दोन अक्षरं बघतात. तो स्वतः मात्र एप्रिल २००० मध्ये हॉटेलच्या एका खोलीत मृतावस्थेत सापडला. वय होतं फक्त ३७.

कॅल्क्युलेटरपासून सुरुवात

फिलिप वॉल्टर कॅट्झचा जन्म ३ नोव्हेंबर १९६२ चा. मुलगा हुशार, पण अबोल. माणसांपेक्षा आकड्यांमध्ये जास्त रमणारा. घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधी प्रोग्रॅम लिहिता येतील असे कॅल्क्युलेटर मिळायचे. फिलला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली ती त्या कॅल्क्युलेटरवर. त्यात जागा इतकी कमी असायची की एकेक सूचना जपून वापरावी लागायची. कमी जागेत जास्त काम बसवायची सवय त्याला तिथेच लागली आणि पुढे त्याच सवयीने त्याला नाव मिळवून दिलं.

१९८४ मध्ये त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी कॅम्पसमधून कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतली. मग ॲलन-ब्रॅडली या कंपनीत नोकरी लागली. कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहायचे, हे काम. दिवसा नोकरी आणि रात्री घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचे उद्योग, असं त्याचं चाललं होतं.

सगळा खेळ फोनच्या बिलाचा होता

तेव्हा आजच्यासारखं इंटरनेट लोकांच्या घरात नव्हतं. त्याऐवजी होते बुलेटिन बोर्ड. म्हणजे कुणीतरी आपल्या घरचा कॉम्प्युटर फोन लाइनला जोडून ठेवायचा आणि बाकीचे लोक मोडेमवरून त्याला फोन लावून फाईली उतरवून घ्यायचे. फाईल उतरत असेपर्यंत फोन चालू आणि फोनचं मीटरही चालू. लांबच्या शहरात कॉल असला तर बिल बघून घाम फुटायचा.

हिशोब करून बघू. २४०० च्या मोडेमवर सेकंदाला साधारण २४० अक्षरं यायची. एका फ्लॉपीत मावणारी ३६० केबीची फाईल घ्यायला पंचवीस मिनिटं लागायची. आज आपण व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा जो फोटो पाठवतो, त्याच्याएवढ्या फाईलला पंचवीस मिनिटं! तीच फाईल दाबून निम्मी केली की वेळही निम्मा आणि बिलही निम्मं.

हे दाबण्याचं काम आर्क नावाचा प्रोग्रॅम करायचा. न्यू जर्सीतल्या सिस्टीम एन्हान्समेंट असोसिएट्स, म्हणजे एसईए या कंपनीने तो १९८५ मध्ये आणला होता. अनेक फाईली एकत्र करून त्यांचं एक लहान गाठोडं बांधायचं, असं त्याचं काम. बुलेटिन बोर्डवाल्यांमध्ये तो लगेच लोकप्रिय झाला. अडचण एकच होती, तो संथ होता.

फिलने तेच काम करणारा स्वतःचा प्रोग्रॅम बनवला. आर्क सी भाषेत लिहिला होता. फिलने वेग लागणारे भाग असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरला सर्वांत जवळच्या भाषेत लिहून काढले. नाव ठेवलं पीकेआर्क. नावातले पीके म्हणजे तो स्वतः. त्याचा प्रोग्रॅम मूळ आर्कपेक्षा कितीतरी वेगवान होता आणि लोकांनी तो उचलून धरला. १९८६ मध्ये फिलने पीकेवेअर नावाची कंपनी काढली. ऑफिस कुठे? तर आईच्या घरी, किचनच्या टेबलावर. प्रोग्रॅम फुकट घ्या, वापरून बघा, आवडला तर पैसे पाठवा, अशी शेअरवेअरची पद्धत होती. आणि लोकांनी खरोखरच पैसे पाठवले.

पाटी एकाची, माल दुसऱ्याचा

१९८८ मध्ये एसईएने फिलवर खटला भरला. त्यांचं म्हणणं होतं की त्याने आमच्या ट्रेडमार्कचा आणि कॉपीराइटचा भंग केला आहे.

बुलेटिन बोर्डवर लोक चिडले. एक मोठी कंपनी एकट्या हुशार पोराला चिरडतेय, असं चित्र तयार झालं. एसईएवर बहिष्कार टाका अशी हाळी उठली. लोकांनी आर्क वापरणं सोडून दिलं. एसईए ही काही बलाढ्य कंपनी नव्हती, तीही घरगुती स्वरूपाची लहान कंपनीच होती. पण हे समजून घ्यायला फारसं कुणी थांबलं नाही.

दोन्ही प्रोग्रॅमचा कोड एका स्वतंत्र तज्ज्ञाने शेजारी शेजारी ठेवून तपासला. त्यातून जे बाहेर आलं ते फिलच्या चाहत्यांना पचणारं नव्हतं. पीकेआर्कचा बराच भाग आर्कच्या कोडवरून उचललेला होता. प्रोग्रॅमर स्वतःच्या आठवणीसाठी कोडमध्ये ज्या टिपा लिहून ठेवतात, त्या टिपासुद्धा तशाच होत्या. इतकंच काय, मूळ टिपांमधल्या स्पेलिंगच्या चुकाही जशाच्या तशा उतरल्या होत्या. आपल्याकडे परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघून लिहिणारे असेच सापडतात. बरोबर उत्तर दोघांचं सारखं असू शकतं, पण चूकही सारखीच निघाली की मास्तरांना कळतं.

ऑगस्ट १९८८ मध्ये तडजोड झाली. फिलने साठ हजार डॉलरहून जास्त रक्कम द्यायची आणि आर्कशी सुसंगत प्रोग्रॅम विकणं काही महिन्यांत बंद करायचं, असं ठरलं. म्हणजे ज्या प्रोग्रॅमवर त्याची कंपनी उभी होती, तोच हातातून गेला.

आणि मग झिप आली

इथे एखादा खचला असता. फिल नव्या कामाला लागला. आर्कचा सांगाडा सोडून त्याने फाईल बांधण्याची स्वतःची नवी पद्धत तयार केली. ती चपळ आहे हे नावातूनच कळावं म्हणून एका मित्राने नाव सुचवलं, झिप. १९८९ च्या सुरुवातीला पीकेझिप हा प्रोग्रॅम बाजारात आला.

यावेळी फिलने एक वेगळी गोष्ट केली. झिप फाईल आतून कशी असते, कुठल्या ठिकाणी कुठली माहिती असते, याचं सगळं वर्णन त्याने जाहीर करून टाकलं. कुणीही यावं, वाचावं आणि झिप बनवणारा किंवा उघडणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा. फॉरमॅटच्या मालकीवरून कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाने स्वतःचा फॉरमॅट सगळ्यांसाठी खुला केला. आज झिप सगळीकडे आहे त्याचं मोठं कारण हेच.

त्याच वर्णनात एक नियम होता. झिपच्या आत ठेवलेल्या प्रत्येक फाईलच्या आधी चार बाइटची एक खूण असेल. त्यातले पहिले दोन बाइट म्हणजे ८० आणि ७५ हे आकडे. कॉम्प्युटरच्या कोष्टकात ८० म्हणजे पी आणि ७५ म्हणजे के. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, तशी फिलने ही सही थेट फॉरमॅटमध्येच टाकली होती.

फाईल दाबण्याची पद्धतही त्याने पुढे सुधारली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्या पद्धतीचं नाव डिफ्लेट. तिच्यात दोन जुन्या कल्पना एकत्र आणल्या आहेत. पहिली १९७७ ची, लेम्पेल आणि झिव या दोन संशोधकांची. समजा एका सरकारी पत्रात महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ हे नाव वीस वेळा आलंय. एकदा ते पूर्ण लिहायचं आणि पुढच्या वेळी फक्त एवढंच लिहायचं की इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचल. दुसरी कल्पना १९५२ ची, डेव्हिड हफमनची. जे वारंवार येतं त्याला छोटा संकेत, जे क्वचित येतं त्याला मोठा. घरात ज्याला दिवसातून दहा वेळा हाक मारावी लागते त्याचं नाव बाळ्या किंवा पिंट्या होतं आणि वर्षातून एकदा भेटणाऱ्या पाहुण्याला आपण पूर्ण नावाने बोलावतो, तसंच.

हीच पद्धत पुढे पीएनजी फोटोंमध्ये गेली. वेबसाईटची पानं दाबून पाठवण्यासाठी सर्व्हर जी जीझिप पद्धत वापरतात, तिच्यातही डिफ्लेटच आहे.

फाईल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखतात कसं?

आता या पीकेचा नेमका उपयोग काय ते बघू. तुम्ही लिंकवर क्लिक करता आणि फाईल डाउनलोड होते. ती फोटो आहे की पीडीएफ की झिप, हे ब्राउझरला कसं कळतं?

बहुतेक लोकांना वाटतं फाईलच्या नावावरून, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून. ब्राउझर मात्र आधी सर्व्हरचं म्हणणं ऐकतो. फाईल पाठवण्याआधी सर्व्हर एक चिठ्ठी पाठवतो. तिच्यात कंटेंट टाइप नावाची ओळ असते. त्यात आलेली वस्तू कुठल्या प्रकारची आहे ते लिहिलेलं असतं. प्रकारांची ही नावं मुळात ईमेलला फाईल जोडता यावी म्हणून १९९२ मध्ये ठरली आणि वेबने ती उचलली. त्याच चिठ्ठीत आणखी एक ओळ असू शकते, ही वस्तू पानावर दाखवू नकोस, अमुक नावाने उतरवून घे, असं सांगणारी.

पण सर्व्हरला तरी कसं कळतं? साधारणपणे त्याच्याकडे एक यादी असते. शेवटी झिप असेल तर हा प्रकार, जेपीजी असेल तर तो प्रकार. म्हणजे सर्व्हरची चिठ्ठी बऱ्याचदा फाईलच्या नावावरूनच तयार होते. नाव चुकलं किंवा यादीत ते नावच नसलं, की चिठ्ठी चुकते नाहीतर कोरी येते.

अशा वेळी ब्राउझर पाकीट उघडून थोडं आत डोकावतो. फाईलचे सुरुवातीचे काही बाइट वाचतो. पीडीएफच्या सुरुवातीला पीडीएफ ही अक्षरं असतात, जिफच्या सुरुवातीला जिफ, पीएनजीच्या सुरुवातीच्या बाइट्समध्ये पीएनजी. आणि पीके दिसलं, त्यापुढे ३ आणि ४ हे बाइट दिसले, की ही झिप. या खुणांना मॅजिक नंबर म्हणतात. नाव कुणीही बदलू शकतं, पण ही खूण फाईलच्या अंगातच असते.

याची गंमत २००७ च्या ऑफिसनंतर दिसली. मायक्रोसॉफ्टने डॉकएक्स, एक्सएलएसएक्स असे नवे फॉरमॅट आणले आणि ते आतून झिपच होते. जुन्या सर्व्हरच्या यादीत ही नवी नावं नव्हती. मग इंटरनेट एक्सप्लोररने आत डोकावून बघितलं, पीके दिसलं आणि वर्डची फाईल झिप म्हणून उतरवली. आपण मागितलं पत्र आणि हातात आलं गाठोडं, असं अनेकांचं झालं. तसं बघितलं तर ब्राउझरचं काही चुकलं नव्हतं. गाठोड्यात काय आहे हे सांगायला ती दोन अक्षरं पुरेशी नव्हती, एवढंच.

ईपब पुस्तकवाल्यांनी यावर छान तोडगा काढला. ईपबही झिपच असते. पण तिच्यात पहिली फाईल माइमटाइप नावाचीच असली पाहिजे आणि ती न दाबता तशीच ठेवली पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे पहिले काही बाइट वाचले की आधी पीके दिसतं आणि लगेच पुढे मी ईपब आहे असंही दिसतं.

आत डोकावण्याचा तोटाही आहे. झिपमधल्या फाईलींची अनुक्रमणिका शेवटी असते. जुन्या गाठोड्यात नवी फाईल घालताना सगळं पुन्हा लिहायला लागू नये, म्हणून ही सोय. पण त्यामुळे एकच फाईल पुढून फोटो आणि मागून झिप असू शकते. २००८ मध्ये संशोधकांनी हे करून दाखवलं. पुढून जिफ फोटो, मागून जार, म्हणजे झिपमध्ये बांधलेला जावा प्रोग्रॅम. वेबसाईट फोटो समजून ती ठेवून घ्यायची आणि जावा तिच्यातला प्रोग्रॅम चालवायचा. ब्राउझरच्या डोकावण्याचा असाच गैरफायदा घेऊन फोटोच्या नावाखाली घातक पानंही घुसवली जायची. म्हणून त्याच सुमारास सर्व्हरच्या चिठ्ठीत आणखी एक ओळ आली. मी सांगतोय तोच प्रकार मान, स्वतः अंदाज लावू नकोस, असा तिचा अर्थ.

सगळीकडे पोचलेला, स्वतः हरवलेला

झिप जगभर पसरत होती तेव्हा फिल हळूहळू तुटत चालला होता.

काळ विंडोजचा आला होता. लोकांना काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या नव्हत्या, त्यांना माऊस हवा होता. फिल मात्र डॉसमध्येच रमलेला. त्याने विंडोजकडे वळायला उशीर केला आणि ती जागा विनझिपने घेतली. फिलने फॉरमॅट खुला ठेवला होता, त्यामुळे यात बेकायदा असं काही नव्हतं. झिप म्हटलं की लोकांना विनझिप आठवायला लागलं.

पण खरं दुखणं वेगळं होतं, दारू. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला अनेकदा पकडलं गेलं. त्याच्या नावाने वॉरंट निघाली. ऑफिसला जाणं कमी होत गेलं. किचन टेबलावर कंपनी सुरू झाली तेव्हा जी आई सोबत होती, तिच्याशीही दुरावा आला. १९९७ मध्ये शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून त्याच्या घराचं दार उघडलं गेलं, तेव्हा आत गुडघ्याएवढा कचरा साचलेला होता. पैशांची कमतरता नव्हती. घर होतं, पण तो हॉटेलांमध्ये दिवस काढत होता.

१४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याचा मृतदेह सापडला. वर्षानुवर्षांच्या दारूमुळे स्वादुपिंडात रक्तस्राव झाला होता.

तो गेल्यावर बातम्या आल्या तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की पीके म्हणजे एक जिवंत माणूस होता. रोज त्याची सही असलेल्या फाईली उघडणारी माणसं जगभर होती, पण त्याच्या खोलीचं दार वेळेवर उघडणारं कुणी नव्हतं.

मग यातून आपण काय घ्यायचं?

फिल कॅट्झला निव्वळ हिरो म्हणावं, तर पीकेआर्कमध्ये दुसऱ्याचा कोड होता. चोर म्हणावं, तर त्यानेच पुढे जगाला एक खुला फॉरमॅट दिला, जो आजही चालतो. त्या वेळी लोकांनी पाटी बघून बाजू घेतली, एक बिचारा पोरगा आणि एक दुष्ट कंपनी. कोड उघडून बघितला तो एकाच तज्ज्ञाने, आणि चित्र बदललं.

फाईलींचंही असंच आहे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईली पाठवून लोकांचे पैसे लुटण्याचे प्रकार घडले आहेत. नाव पत्रिकेचं, आत मोबाईलचा ताबा घेणारं ॲप. ती फाईल आणि तुमच्या भाच्याने वर्डमध्ये बनवलेली खरी पत्रिका, दोन्हींची सुरुवात पीकेनेच होते. त्या अक्षरांवरून मशीनला एवढंच कळतं की हे एक गाठोडं आहे. गाठोड्यात काय आहे आणि ते कुणी पाठवलंय, हे आपल्यालाच बघावं लागतं.

म्हणून साधा नियम लक्षात ठेवा. फाईलच्या नावात पत्रिका, चलन, बिल असं काहीही लिहिलेलं असो, शेवटच्या टिंबानंतर एपीके असेल तर ते ॲप आहे. पत्रिका बघायला ॲप टाकावं लागत नाही. अनोळखी नंबरवरून आलेली अशी फाईल उघडू नका. ओळखीच्या नंबरवरून आली, तर आधी फोन करून विचारा. त्या माणसाचा मोबाईल दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेलेला असू शकतो.